मावशी, सासू आणि बिनचाकाची मोटार

आमच्या घरात तीन भिंगं होती आणि तिन्हींना मी नावं ठेवली होती. माझ्या वडिलांचा, म्हणजे आबांचा, सांगलीत फोटो स्टुडिओ होता. कॅमेरा एकच, लाकडाचा, तीन पायांवर उभा राहणारा. पण त्याच्या तोंडावरचं भिंग समोरचं माणूस बघून बदलायचं. पहिलं भिंग मावशी. मावशी लावली की चेहऱ्यावर दुधाची साय धरल्यासारखं व्हायचं. सुरकुत्या गेल्या, डाग गेले, पन्नाशीची बाई एकदम तिशीत! दुसरं भिंग सासू. तिच्या नजरेतून सदऱ्याचा उसवलेला टाकासुद्धा सुटायचा नाही. तिसरी जत्रा. तिच्यात अख्खं वऱ्हाड मावायचं, फक्त पुढच्या रांगेतल्या व्याह्यांचे पाय हत्तीएवढे यायचे आणि मग आबांना त्यांची समजूत काढत बसावं लागायचं.

मी आबांच्या हाताखाली काम करायचे. काचेवर फोटो घ्यायचे दिवस होते ते. अंधाऱ्या खोलीत काचा धुवायच्या, सुकवायच्या, मग सोनार लावतात तसलं बारीक भिंग डोळ्याला लावून पेन्सिलीनं काचेवरचे डाग भरायचे. फोटो धुवायच्या औषधांनी माझी नखं कायमची काळी झाली होती. आई म्हणायची, "मेले, हात पदराखाली ठेव, लोकांना वाटेल कोळसे फोडतेस." हात झाकता येतात हो. तोंडाचं काय करायचं? लहानपणी मला देवी आल्या होत्या आणि जाताना दोन्ही गालांवर, नाकावर खोल वण ठेवून गेल्या होत्या. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना ठणकावून सांगायचे. साफ खोटं. वाटायचं, फार वाटायचं.

लग्नाचं बघायला लागले तेव्हा आबांनी मला खुर्चीत बसवलं आणि कॅमेऱ्याला मावशी लावली. तेवढ्यानं भागेना म्हणून काचेवर स्वतः पेन्सिल फिरवली. फोटो वाळला तसा मी विचारलं, "ही कोण बाई? आपल्याकडं कधी आली होती?"  तो फोटो बघून एक मंडळी आली. त्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला आणि जाताना मुलाची आत्या आईला हळूच म्हणाली, "फोटोतली हिची बहीण का?" दुसरी मंडळी पोह्यांनासुद्धा थांबली नाही. त्या दिवशी मी अंधाऱ्या खोलीत कडी लावून रडले. बाहेर आले ती तणतणतच. आबांना सांगितलं, यापुढं तो फोटो कुणाला दाखवलात तर सासूनं काढलेला माझा फोटो मी स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावीन.

"आता हा शेवटचा," आबा म्हणाले. "तुझा मामा कालच घेऊन गेलाय."

मामांनी तो फोटो नेला साताऱ्याकडच्या एका गावात, रहिमतपूरच्या अलीकडं. घर शेतकऱ्याचं, उसाचं रान, पुरुषमाणसं पलटणीत. मुलाचे वडील सुभेदार होऊन घरी बसलेले आणि मुलगा लढाई संपल्यावर पलटणीच्या मोटारींच्या वर्कशॉपमधून सुटून आलेला. आमच्या फोटोला थोड्याच दिवसांत त्यांच्याकडून उत्तर आलं, तेही फोटोच. मुलगा चक्क मोटारीला टेकून उभा! आमच्या नात्यात मोटारीला टेकलेलं कुणीच नव्हतं. लढाईत पेट्रोलचं रेशन झालेलं, टायर तर बघायलाही मिळत नव्हते, आणि यांची मोटार आरशासारखी चकचकीत.

"आवं, बघा तरी!" आईनं फोटो आबांच्या नाकापर्यंत नेला. "आत डायव्हरपण बसलाय. तुऱ्याचा फेटा बांधून!"

काचेमागं खरंच कुणीतरी तुरेवालं बसलेलं दिसत होतं. शेजारच्या काकू आल्या, त्यांनीही ड्रायव्हर बघितला. मामा म्हणाले, गाडीला ड्रायव्हर ठेवणारं स्थळ परत मिळायचं नाही. मी म्हटलं, आणा इकडं. डोळ्याला भिंग लावलं आणि जी हसत सुटले! ड्रायव्हर कसला, कोंबडा होता. स्टेअरिंगवर बसून तो ऐटीत रस्ता बघत होता.

मग मी फोटो दिव्याखाली धरून नीट वाचला. चाकांच्या जागी उसाच्या वाढ्याच्या पेंढ्या रचल्या होत्या आणि पेंढ्यांच्या फटींतून मागचं गवत दिसत होतं, चाक नव्हतं. पत्र्यावरची चकाकी तर मी झोपेतही ओळखली असती. त्यांच्याकडंही एक मावशी होती! आणखी एक गंमत म्हणजे मुलाचा एक हात पाठीमागं होता आणि त्याच्या टाचेजवळून एक बारीक रबरी नळी गवतातून कॅमेऱ्याकडं आली होती. त्या नळीच्या टोकाला रबरी फुगा असतो, तो दाबला की फोटो निघतो. म्हणजे पठ्ठ्यानं स्वतःचा फोटो स्वतःच काढला होता.

मला राग आला. आम्हाला एवढे खुळे समजतात? आणि खरं सांगते, त्याच वेळी जिवाला फार बरंही वाटलं. आम्ही त्यांना फसवतोय, ते आम्हाला. फिटंफाट.

"आबा, तुम्ही घर बघायला जाणार ना?" मी म्हटलं. "मी येते."

मुलीकडच्या पुरुषांनी मुलाचं घर, रान, गोठा बघून यायचं अशी पद्धत. मुलीनं जायचं? छे! आईनं कपाळाला हात लावला. "लाज कोळून प्यालीस का गं? लोक काय म्हणतील? उद्या मुलाला म्हणशील, जरा चालून दाखव!"

"मला ओळखणार कोण? त्यांच्याकडं जिचा फोटो आहे ती मी नाहीच."

आबांचं तोंड एवढंसं झालं. मला वाईट वाटलं, पण शब्द मागं घेतला नाही. शेवटी ठरलं की आबा कॅमेरा घेऊन जाणार आणि मी त्यांची सामान धरणारी बाई. आईनं देवापुढं दिवा लावला आणि मला सांगितलं, तोंड बंद ठेव.

माधवनगरला आगगाडी धरली, रहिमतपूरला उतरलो. पुढं न्यायला बैलगाडी आली होती. "मोटार नाही पाठवली?" मी साळसूदपणे गाडीवानाला विचारलं.

"मोटार?" गाडीवानानं बैलांच्या शेपट्या पिळल्या. "तिच्यात कोंबड्या अंड्यावर बसल्यात. कवा उठवायची तिला?"

आबांनी माझ्याकडं बघायचं टाळलं.

सुभेदार दारातच उभे होते. मिशा भरघोस, पाठ ताठ आणि पायात टायरच्या जाडजूड वहाणा. म्हणजे मोटारीचं एक चाक कुठं गेलं त्याचा पत्ता मला उंबऱ्यातच लागला. सुभेदारीणबाई गूळपाणी घेऊन बाहेर आल्या. बाई मोठ्या हाडाच्या, मोठ्या आवाजाच्या. माझा फोटो त्यांनी भिंतीतल्या देवळीत देवांच्या शेजारी ठेवला होता. तो काढून त्यांनी कौतुकानं आबांपुढं धरला, जणू आबांनी तो कधी बघितलाच नव्हता.

"आमची व्हनारी सून! काय तोंड हाय, लोन्याचा गोळा निस्ता." मग त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं. मी खाली बसून काचांची पेटी सोडत होते. "आनि तुला गं? देवी आल्या व्हत्या न्हवं?"

आबांना गूळपाण्याचा ठसका लागला. माझे कान तापले. एका हातात ती लोण्याची बाई, समोर मी, आणि दोघींमधलं अंतर सगळ्यांना लख्ख दिसत होतं. इथंच संपलं सगळं, असं वाटलं. पण आमचं तोंड कधी ऐकतंय?

"व्हय," मी म्हटलं. "आल्या, जागा आवडली, म्हणून घर बांधून राहिल्या."

सुभेदारीणबाई माझ्याकडं बघत राहिल्या आणि मग अशा हसल्या की देवळीतला देव हलला असेल. "लय फटकळ हाय की गं तू! बस हितं. भुकेली असशील." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं मला गरम भाकरी वाढली, वर लोणी घातलं, नको म्हटलं तरी आणखी घातलं. कामाच्या बाईला असं कोण वाढतं? ती बाई मला आवडली. आवडायला नको होती, पण आवडली. फसवून मिळालेलं घर परत द्यायचं कसं, तेवढंच आता माझ्या डोक्यात होतं.

जेवणं झाल्यावर आबा म्हणाले, "सुभेदारसाहेब, तुमच्या मोटारीचा एक फोटो घेऊ या."

"मोटार?" सुभेदारांनी मिशीला हात लावला. "ती जरा आराम करतीया. आनि डायव्हर बी गावाला गेलाय."

"पहाटे आरवतो का हो तुमचा ड्रायव्हर?" मी काचा पुसता पुसता विचारलं.

सुभेदारांना काही ऐकू आलं नाही. पण खांबाजवळ मुलगा उभा होता, त्याला ऐकू आलं. तो खोकल्याचं सोंग करून भिंतीकडं वळला. मग पुढं होऊन त्यानं कॅमेऱ्याचे तीन पाय उचलले आणि म्हणाला, "चला, दावतो मोटार. मोठी मानसं बसतील गप्पा मारत."

मोटार गुऱ्हाळाच्या मागं होती. गुऱ्हाळ चालू होतं, चार माणसं चुलवाणात चिपाडं घालत होती, काहिलीतून वाफ येत होती, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ही राणीसाहेब चार धोंड्यांवर बसली होती. एक दार दाव्यानं बांधलेलं, बसायच्या गादीतून काथ्या बाहेर आलेला, बॉनेटखाली लसणाच्या जुड्या वाळत घातलेल्या. आणि गंज! वरपासून खालपर्यंत गंज. हिरव्या रंगाचे पोपडे सुटले होते.

मी कॅमेरा लावला, काळं फडकं डोक्यावर घेतलं आणि त्याला हुकूम सोडायला लागले. पेंढ्या हलवा, ते दार सोडा, त्या कोंबड्या हाकला, ड्रायव्हरला मात्र राहू द्या. तो निमूट करत होता. आधी जत्रा लावून मोटारीच्या अगदी नाकाशी गेले. दिवे परातीएवढे झाले आणि मोटार मागं थेट कऱ्हाडपर्यंत गेल्यासारखी दिसायला लागली. मग लांब जाऊन मावशी लावली. झाली की नाही लगेच नवरी! गंज गेला, पोपडे गेले. एकेक काच घेतली आणि मग शेवटी सासू लावली.

कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर सगळं उलटं दिसतं. मोटार डोक्यावर उभी होती आणि सासू तिचा इंचनइंच दाखवत होती. गंज एकच नसतो, हे मला त्या दिवशी कळलं. कुठं विटकरी, कुठं हळदीच्या बोटासारखा, कुठं करपलेल्या भाकरीसारखा काळा. हिरव्याखाली आधीचा तांबडा रंग, त्याच्याखाली लोखंड. पत्र्याला बारीक बारीक खड्डे पडले होते आणि प्रत्येक खड्ड्याला उन्हाची कड होती. आजवर सासूची मला धास्तीच वाटायची. मी फडक्याखालून मोठ्यांदा म्हटलं, "अगंबाई!"

"काय झालं?" बाहेरून त्यानं विचारलं.

"तुमच्या मोटारीचे वण बघतेय."

"कसं हायत?"

"लय झकास."

तो मोटारीला टेकला. मग म्हणाला, "मग तुमच्या आबांनी तुमचं का पुसलं?"

मी फडक्यातून बाहेर आले. केस विस्कटलेले, पदर खांद्यावर. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या हातांनी. फोटूत तोंड सगळं पुसलंय, पन हात पुसायचं राहिलं. मांडीवर काळी नखं तशीच हायत. आमच्या वर्कशॉपात फोटू धुणारा गडी व्हता, त्याची बी अशीच. माझा फोटू काढाय त्याचाच क्यामेरा मागून आनला व्हता." त्यानं मोटारीच्या छपरावर थाप मारली, गंजाची भुकटी उडाली. "आनि एवढं मऊ भिंग कुनी उगा लावत न्हाई. म्हटलं, त्यांनी कायतरी झाकलंय, तर आपुन बी झाकू. झाकली मोटार. वर कोंबडा बसवला."

"मुद्दाम?"

"पाय बांधून बसवला. लय टोचलं बेण्यानं. म्हटलं बघू, त्या घरात भिंग लावून बघनारं कोन हाय का."

माझं पित्त खवळलं. "म्हणजे आमची परीक्षा घेत होता?"

"आनि तुमी सामान धराय आलाय व्हय?"

मी फडकं झटकायला लागले. झटकण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मग त्यानं मला मोटारीत बसायला सांगितलं, कोंबड्याशेजारी. मी म्हटलं, भिंग बदला, सासू लावलीय. तिचं नाव ऐकून तो हसला, पण भिंग बदललं नाही. "हलू नका," एवढंच म्हणाला.  आबा सोडले तर माझ्या तोंडाकडं इतका वेळ कुणी बघितलं नव्हतं, आणि आबासुद्धा बघताना कुठलं भिंग लावावं याचाच विचार करायचे. त्यानं फुगा दाबला. कोंबडा हलला, मी हलले नाही.

"तुमच्या आईला कोण सांगणार?" खाली उतरताना मी विचारलं. "त्यांनी लोण्याचा गोळा देवात ठेवलाय."

त्याचं हसू मावळलं. "तिनं न्हाई म्हटलं तर आमच्या घरात ते न्हाईच असतंय," तो म्हणाला. "तुमीच सांगा. तुमाला जमंल."

पुढच्या आठवड्यात सुभेदार, सुभेदारीणबाई आणि मुलगा रीतसर मुलगी बघायला सांगलीला आले. आबांनी काचांवरून फोटो करून ठेवले होते. आईनं माझ्या तोंडाला पावडर फासायला घेतली, ती मी पुसून टाकली. पोह्यांचं ताट घेऊन बाहेर गेले तर सुभेदारीणबाईंचा चेहरा उजळला.

"अगं तू! हितंच कामाला असतीस व्हय? बरं वाटलं बघ. आनि पोरगी कुटं हाय?"

मी ताट खाली ठेवलं. मांडलेल्या पाटावर जाऊन बसले.  "मीच," मी म्हटलं.

 सुभेदारीणबाईंनी पिशवीतून फोटो काढला. फोटोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत फोटोकडं. आबा काहीतरी बोलायला लागले, "ते भिंग जरा मऊ..." आईनं पदर तोंडाला लावला. मला पळून जावंसं वाटत होतं, पण पाटावरून उठलं की तिसरी मंडळीही गेली, हे मला माहीत होतं.

तेवढ्यात मुलानं टेबलावरचे मोटारीचे फोटो उचलून सुभेदारांच्या हातात दिले. सुभेदारांनी आधी मावशीचा बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"कुनाची रं ही मोटार?"

"आपलीच, दादा," मुलगा बापाला म्हणाला.

"येड्या, मला सांगतोस? आपल्या मोटारीचं मडगाड घाटात चेपलंय. हिचं कुटं चेपलंय?" त्यांनी तो फोटो बाजूला टाकला आणि सासूचा घेतला. बघता बघता म्हाताऱ्याचा चेहरा फुलला. "ही! ही आमची!" आणि त्यांचं बोट फोटोवर फिरायला लागलं. इथं बैलानं शिंग मारलं, इथं वाईच्या बाजारात हातगाडी घासली, इथं गोऱ्या साहेबानं विकताना रंग फासून भोक बुजवलं होतं. "आनि ह्या दाराला हिनं मुसळ घातलं व्हतं. न इचारता मोटार आनली म्हनून."

"घातलं व्हतं," सुभेदारीणबाई फोटोवर वाकल्या. "दिसतंय की सगळं. हे बघा, हितं लागलं व्हतं." त्यांनी मुसळाची खूण बोटानं चाचपली. आपल्याच रागाची खूण बघून त्यांना भारी समाधान वाटलेलं दिसलं.

मग त्या सरळ झाल्या. माझा फोटो त्यांनी आबांच्या पुढ्यात ठेवला.

"हा तुमचा फोटू तुमाला परत."

मी नखं पदराखाली ओढून घेतली. मुलगा उभा राहिला. "आई..."

"तू गप रं. ही पोरगी आमाला नगं. ही कोन, कुटली, आमाला म्हाईत न्हाई." त्यांनी पोह्यांची बशी ओढून घेतली आणि माझ्याकडं हनुवटी उडवली. "आमाला ती सामान धरनारी द्या. भाकरी गोड मानून खाती आनि उलटं बोलती. घरात कुनीतरी माज्याशी बोलाय पायजे."

आई रडायलाच लागली. आबा उठले आणि अंधाऱ्या खोलीत गेले. सुभेदारीणबाईंनी पोहे खाता खाता मोटारीचा फोटो परत हातात घेतला आणि विचारलं, हे सगळं दावनाऱ्या भिंगाला तुमी काय म्हनता? मुलगा छताकडं बघायला लागला. मी म्हटलं, "सासू." त्यांनी घास थांबवला, जरा विचार केला आणि म्हणाल्या, "मग लग्नाचा फोटू त्यानंच काढा."

बऱ्याच वेळानं आबा बाहेर आले. डोळे लाल झाले होते. औषध डोळ्यांत गेलं, म्हणाले. त्या दिवशी आम्ही औषध कालवलंच नव्हतं.